फोटो खाली गेला त्याचं झालं असं

प्रिय मेहुणेबुवांस,

नमस्कार. तुम्ही, वहिनी आणि वहिनींची कंबर, तिघंही बरी असाल असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही. तुमची ताई बॅग घेऊन तुमच्याकडे का आली, हे तिनं आपल्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका.

तिच्या शिवणवर्गाचं वेबपान तुम्ही करून दिलंत आणि त्यात बदल कसे करायचे ते मला फोनवर शिकवलंत. (तुम्ही शिकवलंत हे कबूल. मी शिकलो असं कोणीच म्हटलेलं नाही.) पहिल्यांदा मला ‘नवीन वर्ग सुरू’ एवढी ओळ टाकायची होती. नवी ओळ तयार करायची आज्ञा, ‘क्रिएट एलिमेंट’, लिहिली, आत मजकूर भरला, पानावर काही नाही. तुम्ही म्हणालात, “भावोजी, ती तयार झालीय, पण पानाला जोडली नाहीत.” तयार झालीय पण कुठेच नाही, म्हणजे ती नेमकी असते कुठे, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही मीटिंगला गेलात. असो. अपेंड करायचं, म्हणजे पानाला जोडायचं असतं, हे माझ्या ध्यानात राहिलं. तेवढंच राहिलं, हाच घोटाळा.

पानाच्या माथ्यावर तुमच्या ताईचा हसरा फोटो होता. मला वाटलं, तोच खाली फोन नंबरापाशीही असावा, म्हणजे फोन कोणाला करतोय ते लोकांना कळेल. म्हणून तोच फोटो पकडून पानातल्या शेवटच्या चौकटीला अपेंड केला. मला वाटलं होतं, दोन होतील. फोटो वरून उठला आणि खाली जाऊन बसला! वर नुसती पांढरी जागा. शिवाय शेवटची चौकट फोन नंबराची नव्हतीच. ती जुन्या शिलाई मशीनच्या जाहिरातीची होती, आणि त्यातला मजकूर दुर्दैवानं मीच लिहिला होता: ‘विकणे आहे. जुनं पण दणकट. आवाज थोडा जास्त. घरी येऊन पाहावे.’ त्याच्याखाली तुमची ताई, हसतेय.

वर्गातल्या मुलींनी ते आधी पाहिलं. मग शेजारच्या इस्त्रीवाल्यानं दारात येऊन चौकशी केली, “वहिनी, आवाजाचं खरंय का हो?” तेव्हा तुमच्या ताईनं पान उघडून पाहिलं. (आवाजाबद्दल मी लिहिलं होतं ते मशीनच्याच, हे इथे पुन्हा नमूद करतो.) मी घाईघाईनं ती चौकटच रिमूव्ह केली. चौकटीबरोबर आतला फोटोही गेला. आत असलेलं सगळं जातं, हे कोणी सांगायचं? तुमची ताई म्हणाली, “आधी विकायला काढलंत, आता पुसून टाकलंत!” आणि कपाटावरची बॅग काढली. मी म्हटलं, अगं, तू फक्त पानावरून गेलीस. त्यानं प्रकरण चिघळलं.

मी लिहिलेल्या ओळी तुम्हीच शोधून काढून टाका. कोणती ओळ काय करते ते मला विचारू नका, मी त्यांच्या नजरेला नजर देत नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गोंधळलेला भावोजी

ता. क. पानाचं सावकाश करा, नाही केलंत तरी चालेल. तुमच्या ताईला तेवढं लवकर आणून सोडा. घरात मशीनचा आवाज नाही तर मला वाचायलाही सुचत नाही. आवाज जास्त आहे असं मी कधीच मनापासून म्हटलेलं नाही. हे तिला दाखवलंत तरी हरकत नाही.

ता. क. २. हे दाखवू नका, आणि तिला निदान परवापर्यंत थांबवून घ्या. ती नाही म्हणून आज मुलींना झंपराच्या बाह्या कापायला मीच शिकवलं. सगळ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्यात.