ज्युरीचं बोलावणं

सीडर फोर्ड, मिसूरी
३ ऑक्टोबर १९७२

चि. डॉयल यास ओलेटाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आणि सॅमन माशाचे डबे पोचले. मासा झकास होता. पत्रात मात्र तू नेहमीसारखा हात आखडता घेतलास. वेंडेल बरा आहे, कामावर जातो, एवढंच! अरे, मी त्याची आई आहे. तुरुंगातून सुटून तो थेट तुझ्याकडे आला त्याला दोन वर्षं झाली. माझी पत्रं घेतो, वाचतो, पण एका ओळीचं उत्तर देत नाही. रात्री जेवताना दोन ताटं मांडते रे मी अजून, मग एक उचलून ठेवते.

आता बातमी. मला कोर्टातून ज्युरीसाठी बोलावणं आलंय. तेच कोर्ट, तीच खोली, जिथे वेंडेलचा खटला चालला. जावं की नाही, काही सुचत नाही. इथे चर्चमध्ये माझ्याशी सगळे गोड बोलतात, पण भोपळे आणि हवा यापलीकडे नाही. वेंडेलचं नाव निघेलसं वाटलं की शेजारची नेव्हा पॉटर लगेच लोणच्याची कृती सांगायला लागते. चार वर्षं त्याचं नाव मी फक्त आपल्या मांजरापाशी घेतलंय.

तुझी तब्येत सांभाळ. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

---

ॲस्टोरिया, ओरेगन
११ ऑक्टोबर १९७२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अगं, सुचत नाही काय म्हणतेस? तुमच्या राज्यात बाईमाणसाला ज्युरीतून सुटायला कारणसुद्धा लागत नाही. 'मी बाई आहे, मला यायचं नाही' एवढं लिहून कागद परत धाड आणि शांतपणे जॅम कर. आयुष्यात एकदा बाई असल्याचा फायदा मिळतोय तर घे की!

थट्टा सोड. मी इथे एकदा त्या बाकावर बसून आलोय. ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंचे वकील सगळ्यांना एकत्र बसवून प्रश्न विचारतात, आणि शपथ घेतलेली असते. घरातल्या कुणाला शिक्षा झाली आहे का, हे विचारतातच. तेव्हा तुला नेव्हा पॉटरसारख्यांच्या मांडीला मांडी लावून हात वर करावा लागेल.

वेंडेलला हे सांगितलं, तर तो ताटावरून उठून गेला. मग मागच्या खोलीच्या दारातून म्हणाला, 'आईला म्हणावं, अजिबात जाऊ नकोस. तिला त्या लोकांत राहायचंय. मी इथे राहिलो तर ते मला विसरतील, आणि तिला मान वर करून चालता येईल.' ताई, त्याला तुझी आठवण येत नाही असं समजू नकोस. तुझी पत्रं तो उशीच्या अभ्र्यात ठेवतो. पण हट्टी आहे, थेट तुझ्यावर गेलाय.

जाऊ नकोस. लहान भावाचं एकदा तरी ऐक, आणि रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा डॉयल

---

सीडर फोर्ड
२४ ऑक्टोबर १९७२

चि. डॉयल यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं ऐकलं नाही. गेले.

कारकुनाने लाकडी पिंप फिरवून चिठ्ठ्या काढल्या, नावं पुकारली तसं आम्हाला बाकांवर बसवलं. शेजारी नेमकी नेव्हाच. आरोपी एक कोवळा पोरगा होता. शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच दिसत होत्या. कुणाच्या तरी आईने आदल्या दिवशी घेतलेला असणार. त्या घड्यांकडे बघवेना मला.

सरकारी वकिलाने आधी शेरीफ कुणाच्या नात्यातला आहे ते विचारलं. निम्मे हात वर! सगळे हसले. मग त्याने तो प्रश्न विचारला. एकही हात वर नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. या काउंटीतली किती पोरं आत जाऊन आली आहेत, तुला ठाऊक आहे.

मी हात वर केला. न्यायाधीश भला माणूस. म्हणाला, की बाई, जवळ येऊन हळू सांगितलंत तरी चालेल. मी म्हटलं नको, ज्यांना ऐकू जाऊ नये त्या सगळ्यांना आधीच माहीत आहे. उभी राहिले आणि सांगितलं, की माझा मुलगा वेंडेल क्रॅबट्री याने पेंडीचं दुकान फोडलं, याच खोलीत त्याला शिक्षा झाली, आणि ती त्याने पुरी भोगली. वकिलाने विचारलं, की त्याच्यावर अन्याय झाला असं वाटतं का. मी म्हटलं, ज्युरीने केला नाही. पण इथे त्याचं नावच कुणी घेत नाही, ती शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने दिली नव्हती. मग त्याने विचारलं, तो आता कुठे आहे? म्हटलं, ओरेगनला माझ्या भावाकडे. आणि मला तो घरी हवाय. हे कुणी विचारलं नव्हतं रे, तोंडातून निघून गेलं.

मी खाली बसले, तर माझ्यामागे एकेक हात वर व्हायला लागला. न्यायाधीशापाशी कुजबुजायला रांग लागली. रांगेत नेव्हासुद्धा!

दुपारी निवडलेल्यांची नावं वाचली, त्यांत मी नव्हते. वकिलांना काही जणांना कारण न सांगता वगळता येतं. आभार मानले आणि घरी जा म्हणाले. खरं सांगते, जिवाला लागलं. त्या पोराकडे शेवटपर्यंत नीट बघणारं कुणीतरी तिथे हवं होतं.

पायऱ्यांवर नेव्हाने गाठलं. आता लोणचं निघणार म्हणून मी पाय उचलला, तर दंड धरून विचारते, वेंडेल कसा आहे? तिचा भाऊ कॅन्ससच्या तुरुंगात आहे म्हणे. इतकी वर्षं आम्ही एका कुंपणाच्या दोन बाजूंनी गप्प बसलो होतो. दोघी तिथेच रडलो, लोक बघत होते तरी.

डॉयल, हे पत्र त्याला वाचून दाखव. दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभा राहून वाच, पण मोठ्याने. मी मान खाली घालून चालत नाही, हे त्याला कळू दे. मी फक्त वाटेकडे बघत असते.

दोघांवर जीव आहे.
ताई

---

ॲस्टोरिया
१ नोव्हेंबर १९७२

ती. आईस सा. न.

पत्राची सुरुवात मामाला विचारून लिहिली. पुढचं माझं मलाच लिही म्हणाला.

मी दार लावलं होतं. मामा बाहेर उभा राहून वाचत होता. तू माझं नाव घेतलंस तिथपर्यंत त्याचा आवाज ठीक होता. मग तो थांबला. शेवटी मीच दार उघडलं, आणि उरलेलं मी त्याला वाचून दाखवलं.

आई, तुला खाली बघावं लागू नये म्हणून मी इथे राहिलो. आणि तू तर सगळ्यांसमोर उभीच राहिलीस. मला वाटायचं, मी नसलो की तुला बरं वाटत असेल. असा कसा गं मी?

नेव्हामावशींना नमस्कार सांग. मामा तुझ्यासाठी माशांचे डबे बांधतोय, सोबत नेण्यासाठी. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

या पत्राला उत्तर धाडू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा मी इथे नसेन.

तुझा वेंडेल