दोन्ही हात वर करून

५ जानेवारी २०२५, रविवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. सुरुवातच अशी जोरदार होईल असं वाटलं नव्हतं. मोतीलाल बिल्डिंगच्या सगळ्या भाडेकरूंनी आज मला एकमताने पुढारी निवडलं. म्हणजे चुडामण टेलरने विचारलं, पार्षदाशी, म्हणजे नगरसेवकाशी, कोण बोलेल? सगळे खाली बघायला लागले. मी वर बघत होतो. झाली निवड.

प्रकरण असं आहे. मोतीलाल सेठ गेले, नातवाने बिल्डिंग बिल्डरला विकली. आता ती पाडून खाली मार्केट आणि वर फ्लॅट होणार. आम्हाला म्हणे शहराबाहेर नेपानगर रोडला क्वार्टर देतात. आमची मागणी एकच. नव्या बिल्डिंगीत, ह्याच जागी, प्रत्येकाला एक खोली, आणि तसं लेखी. आमचे पार्षद योगेंद्रभाऊंनी मनावर घेतलं तर बिल्डरचा बापसुद्धा लिहून देईल.

मला हे म्हणजे हातचा मळ. कापड दुकानातली नोकरी पोटापुरती आहे, खरा मी माईकसमोर. गणपती, रिसेप्शन, शोकसभा, सगळीकडे मंचसंचालन माझंच. 'संचालन दिगंबर' असं पत्रिकेवर छापलं की लोक वेळेवर येतात.

जिन्याखालच्या खोलीतल्या भागाबाई आल्या होत्या. सासूच्या काळापासून तिथे राहतात. नवरा गेला, लेकीचं लग्न झालं. दारातच भट्टी मांडून केळीचे वेफर तळतात, आमच्या शनवारा भागातल्या बाजारात येणारा-जाणारा पुडी घेतो, त्यावरच चाललंय. विचारत होत्या, भाऊ, सेठ किराया हातात घ्यायचे, पावती कधी दिलीच नाही, मंग माझं कसं होईल? मी म्हटलं, भागाबाई, तुमची खोली ही माझी जबाबदारी. त्या म्हणाल्या, तुम्ही हाये तर मले काय चिंता.

संकल्प: लढा. आणि रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

८ जानेवारी

गुळण्या राहिल्या. पाणी गरम करायला गॅस रिकामा नव्हता.

घोषणा मात्र तयार. 'आधी लिखापढी, मगच सोडू माडी!' प्रतिभाला ऐकवली. म्हणाली, आपण तळमजल्यावर राहतो. बायकोला काव्य ऐकवू नये.

चुडामणचं आपलं एकच पालुपद, वकील करू. सगळे मिळून वर्गणी काढू, कोर्टातून स्टे आणू. मला हसू आलं. जिथे माझ्या एका वाक्यावर अख्खा हॉल उभा राहतो तिथे वकील कशाला? सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. शेवटी चुडामणही गप्प बसला. म्हणजे त्याला पटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

भागाबाई तिळगूळ आणि वेफरची पुडी देऊन गेल्या. हल्ली माझ्याकडून पैसे घेत नाहीत. प्रतिभा म्हणाली, घेत जाऊ नका हो, अजून तुम्ही केलंय काय? मी म्हटलं, हा विश्वासाचा प्रश्न आहे, परत केली तर त्यांचं मन दुखेल. मन दुखू नये म्हणून पुडी संपवली. मीठ जरा जास्त होतं.

२६ जानेवारी, दुपारी

वॉर्डातलं झेंडावंदन. संचालन अर्थातच माझं. प्लॅन होता की माईकवरूनच, सगळ्यांसमोर, योगेंद्रभाऊंना विचारायचं: भाऊ, मोतीलाल बिल्डिंगचं काय?

झालं असं की भाऊ मंचावर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दादा, आपके जैसी आवाज तो इंदौर में भी नहीं है. आता अशा वेळी तो विषय काढणं औचित्याला धरून झालं नसतं. तरी जाताना कानात सांगितलंच. ते म्हणाले, हो जाएगा दादा, टेन्शन मत लो. म्हणजे झालंच.

घरी सांगितलं. प्रतिभाने विचारलं, लेखी? मी म्हटलं, माणसाचा शब्द असतो. ती पोळ्या लाटत राहिली.

संकल्प: पुढच्या वेळी औचित्य बघायचं नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी ७

आज निषेध सभा! बिल्डिंगच्या चौकात. योगेंद्रभाऊ येतो म्हणालेत. चुडामणने मागणीचा कागद टाईप करून आणलाय, त्यावर सर्वांदेखत भाऊंची सही घ्यायची. माझं पहिलं वाक्य ठरलंय: 'योगेंद्रभाऊ, आज आम्ही स्वागताला नाही, जाब विचारायला जमलो आहोत!' बाथरूममध्ये म्हणून बघितलं. अंगावर काटा आला.

संध्याकाळी

सभा अत्यंत यशस्वी. गर्दी, साउंड, सगळं फर्स्टक्लास.

एक लहानशी गोष्ट झाली. भाऊंची गाडी आली, दार वाजलं, मी माईक उचलला. जाबच विचारायचा होता. तोंडातून निघालं, 'ज्यांच्या आगमनाने आजच्या कार्यक्रमाची शोभा द्विगुणित झाली असे आपले सर्वांचे लाडके...' कसं निघालं देव जाणे. जिभेला सवयच तशी, गाडीचं दार वाजलं की ती सुरू होते. आणि एकदा सुरुवात झाल्यावर मधेच थांबता येत नाही. संचालनाचे काही नियम असतात, ते चुडामणला कळायचे नाहीत.

पुढचं ओघानेच आलं. स्वागत म्हटलं की शाल हवी. चुडामणकडे कोणा गिऱ्हाइकाची रफू करायला आलेली शाल होती, ती मागवली. नारळ भागाबाईंनी देवापुढचा आणून दिला. चुडामण कागद घेऊन पुढे आला, त्याला मी खुणेने खाली बसवलं. सत्कार चालू असताना मधे कागद बरा दिसत नाही. मग मी आवाज चढवून म्हणालो, 'दोन्ही हात वर करून, जोरदार टाळ्या!' सगळ्यांनी केले. भागाबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी तर सगळ्यात उंच केले. माझ्या आवाजात ती ताकद आहेच.

भाऊ भारावले. दोन शब्द बोलले, गेले. सही तेवढी राहिली. उद्या घेऊ.

३ फेब्रुवारी

पेपरात फोटो!! मी मधोमध, हातात माईक, मागे भाडेकरू हात वर करून उभे. चार कॉप्या आणल्या. एक इंदूरच्या साडूला पाठवणार.

प्रतिभाने फोटोखालची ओळ वाचून दाखवली. पेपर हिंदी. 'रहवासियों ने हाथ उठाकर दी पुनर्विकास को सहमति.'

मी म्हटलं, छपाईची चूक असेल, त्यांना टाळ्या लिहायचं असेल. ती म्हणाली, सगळ्यांचे हात वर कोणी करवले? असले प्रश्न ती नेमके जेवताना विचारते.

११ फेब्रुवारी

बिल्डरने तो फोटो मोठा करून फाटकावर लावलाय. जो येतो त्याला दाखवतात, बघा, एकाचाही विरोध नाही. फोटोत मी चांगला आलोय, पण हे बरोबर नाही.

चुडामण माझ्याशी बोलत नाही. एकटाच वकिलाकडे जाऊन आला. वकील फोटो बघून म्हणाला, आधी यायचं होतं. वकिलांचं हे नेहमीचंच असतं. शालीवर हळद-कुंकू लागलं, तिचे पैसेही चुडामणला गिऱ्हाइकाला भरून द्यावे लागले म्हणे. त्यात माझा काय दोष? सत्कार म्हटला की कुंकू आलंच.

संकल्प: योगेंद्रभाऊंच्या घरी जाऊन खुलासा छापून आणायला लावणे. उद्याच.

२० फेब्रुवारी

आज गेलो. (मधले दिवस लग्नसराई. माणसाला खायला लागतं.) बैठकीत बरीच माणसं होती. चहा झाला, बिस्किटं झाली. विषय काढणार तोच भाऊ म्हणाले, दादा, भाच्याचं रिसेप्शन आहे, संचालन तुम्हीच करायचं. नाही कसं म्हणणार? हीच तर जवळीक उद्या कामाला येईल. मुत्सद्देगिरी म्हणतात याला. प्रतिभा याला दुसरं काहीतरी म्हणाली, ते इथे लिहीत नाही.

९ मार्च

क्वार्टरची यादी लागली. ज्यांच्याकडे पावती त्यांचीच नावं. आमचं आहे. भागाबाईंचं नाही.

संध्याकाळी आल्या. मी म्हटलं, चुकून राहिलं असेल. त्या उंबऱ्यावरूनच निघायला वळल्या. मग म्हणाल्या, भाऊ, फोटोत तर मी हाये ना, सगळ्यात पुढे. ते नाही चालत का?

मी म्हटलं, बघतो.

प्रतिभा न जेवता झोपली. मी जेवलो, पण गेलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मीटर काढून नेले. वरच्या मजल्याचे दरवाजे-खिडक्या भंगारवाला उचलून घेऊन गेला. गुढी उभारली, साखरेची गाठी बांधली. बिल्डिंगीत आमची एकच गुढी. बाकीचे गेलेच. चुडामण जाताना प्रतिभाला सांगून गेला, वहिनी, येतो. मला नाही.

भागाबाई अजून रोज भट्टी पेटवतात. पुढे निम्मी भिंत पाडली तरी गिऱ्हाईक विटांवर पाय देऊन येतं.

योगेंद्रभाऊंना फोन केला. लागला नाही. निवडणूक लांब आहे.

७ एप्रिल

आलो क्वार्टरमध्ये. तिसरा मजला. खोली रिकामी असल्याने आवाज छान घुमतो, रियाजाला उत्तम. दुकानात जायला आता दोन ऑटो बदलावे लागतात, पण सकाळची हवा मिळते.

भागाबाई माहेरच्या गावी, दापोऱ्याला गेल्या, भाच्याकडे. त्याच्या बायकोने आधीच सांगितलंय, एका माणसापुरतं सामान आणा. मोठी कढई आणि झारा आमच्याकडे ठेवून गेल्या. प्रतिभाने कढई घासून, पुसून पलंगाखाली ठेवली. मला म्हणाली, हिला हात लावायचा नाही. मी कशाला लावतो?

२२ एप्रिल

बातमी! भूमिपूजन ठरलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ३० तारखेला. भाऊंच्या माणसाचा फोन आला, दादा, तुम्हाला यावंच लागेल.

प्रतिभाने विचारलं, जाणार? मी म्हटलं, जाणारच, आणि तिथेच बॉम्ब टाकणार. माईक माझ्या हातात. पहिलं मिनिट स्वागत, दुसऱ्या मिनिटाला सत्य. 'ह्याच जागी एक विधवा वेफर तळायची, तिची खोली कुठे आहे?' बघू भाऊ काय उत्तर देतात. भागाबाईंना खोली देणं भागच पडेल. पेपरवाले असतील, कॅमेरे असतील. उशीर झाला म्हणून काय झालं?

मी लगेच भाषण लिहायला घेतलं. गुळण्याही सुरू केल्या.

२९ एप्रिल

सकाळी भाऊंच्या माणसाला फोन केला, कपडे कोणते घालू विचारायला. तो म्हणाला, कोणतेही घाला दादा, संचालनाला इंदूरहून मुलगी येते आहे. तुम्ही फक्त जुने रहवासी घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसा, फोटो चांगला येतो. मी बरं म्हटलं. भाषणाचं बोललो नाही.

दुपारी भागाबाई आल्या. दापोऱ्याहून बसने आणि पुढे उन्हात पायी. पाणी प्यायल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, उद्या आखाजी, लेकी माहेरी येतात, माझी पूजा पोरं घेऊन निघून राह्यली. तिले अजून सांगितलंच नाही का खोली गेली म्हणून. रोज सांगू म्हणते, गळ्यातून निघत नाही. भाच्याच्या घरी तिले कुठं उतरवू? तुमाले बोलणं येतं भाऊ. तुम्ही सांगा तिले, येऊ नको म्हणा. पण असं सांगा का तिले वाईट नाही वाटलं पाहिजे.

मी घसा साफ केला. फोन लावला, हॅलो म्हणालो. पूजाने आवाजावरूनच ओळखलं, खूश झाली. म्हणाली, काका, आई भट्टीवर आहे का? तिला सांगा, पोरांनी झोका-झोका लावलंय, जिन्याच्या कडीला दोर बांधून ठेव. आम्ही सकाळच्या गाडीने निघतो.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. एक शब्द नाही. ती हॅलो, काका, हॅलो करत राहिली. मला इतकी लाज वाटत होती की भागाबाईंकडे बघवत नव्हतं.

थोडी वाट बघून भागाबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. एकदम हसत बोलल्या. म्हणाल्या, अगं वेडे, या साली मीच माहेरी चालली आखाजीले. दापोऱ्याले. भाच्यानं लई आग्रह केला, सोडतच नाही. तू पुढच्या साली ये. नाही गं, मजेत हाये. तिकडून लेक हसली असावी, कारण याही परत हसल्या. पोरांना एकेक करून फोनवर घेतलं.

फोन ठेवला, पदर तोंडात धरला आणि दारातच बसून राहिल्या. प्रतिभा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी आत-बाहेर करत होतो. माझ्यामुळे झालं, असं म्हणायचं होतं. तेवढं एक वाक्य होतं.

संध्याकाळच्या बसला सोडायला मीच गेलो. बसमध्ये चढताना भागाबाई वळून म्हणाल्या, उद्या तुमचा कार्यक्रम हाये म्हणे भाऊ. उन्हाचं थंड पिऊ नका, गळा जपा.

माझा काही कार्यक्रम नाही, हेसुद्धा मला त्यांना सांगता आलं नाही.