बावखल राहिलं

उमेळे,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

प्रिय रीमा,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा नेहमीसारखंच झालं. तू विचारलंस, "आई, कशा आहात?" मी म्हटलं, "बरी आहे." तू म्हणालीस, "आणि बाबा?" मी म्हटलं, "तेही बरे." तुझ्या बाजूला कुणीतरी फटाके लावत होतं, आणि तू म्हणालीस, "ठेवते हं." फोन ठेवल्यावर सांगायच्या राहिलेल्या सगळ्या गोष्टी आठवल्या. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. माझ्या 'पानी'ला हसायचीस ना? बघ, लिहिताना नीट 'पाणी' लिहिते आहे.

आधी घरचं सांगते. यांचा गुडघा थंडीत दुखतो, पण ऐकतील तर शपथ. रोज सकाळी मागच्या वाडीत जाऊन उभे राहतात. या वर्षी राजेळी केळी छान धरली आहेत. शेजारची आल्बिना तुझी आठवण काढते. आता तीही ओला कचरा गाडीत टाकत नाही, तुझ्यासारखं खताच्या पिंपात घालते आणि मला वर शिकवते, हे घाल, ते घालू नको. मी म्हणते, बाई, मला सगळं ठाऊक आहे, माझ्याच घरातून तुझ्याकडे गेलंय ते.

खरं तर माझ्याही घरात ते कुठे होतं? तू लग्न होऊन फुलपाड्याहून आलीस, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून. आम्हाला वाटलं होतं, फ्लॅटातली पोर, हिला वाडी काय कळणार, चिखलात पाय तरी घालेल का. आणि तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी तांदळाचं धुवण मोरीत ओतायला निघालेला माझा हात धरलास. "आई, थांबा ना, कढीपत्त्याला घालते." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. विहीर दाराशी असलेल्या बाईला पाणी वाचवायला कोण सांगतं? मग तू एकदा भाजी निवडता निवडता सांगितलंस, फुलपाड्याला टँकर आला की अभ्यास सोडून तुम्ही भावंडं बादल्या घेऊन जिन्याने धावायचात, आणि अंघोळीचं पाणी परातीत धरून तुझी आई त्यातच लादी पुसायची. ते ऐकल्यावर मला तुझा हात धरणं कळलं. तू मला काही शिकवायला धरला नव्हतास. तुला बघवतच नव्हतं.

आणि ते पिंप! पहिल्या महिन्यात त्यात अळ्या झाल्या, घरभर वास सुटला. हे ओरडले, "रंभा, सुनेनं दारात उकिरडा आनलाय!" तू न्हाणीघरातून बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. मीच कुंपणापाशी जाऊन आल्बिनाला विचारलं. ती म्हणाली, "अगं, नुसतं ओलं घालते ती. सुका पाला टाक म्हणावं वरून, थरावर थर." आपण दोघींनी चिकूखालचा पाला गोळा केला, आठवतं? पावसाळ्याआधी त्यातून काळंभोर खत निघालं. हे ते मुठीत घेऊन कितीतरी वेळ बघत होते. दुसऱ्या दिवसापासून केळीचं साल टाकायला स्वतः उठून पिंपाकडे जायला लागले.

माझ्या शिलाईच्या मशीनचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नाआधी मी शिवण शिकले होते. मग वाडी, भात, सासू-सासरे, विकीचं लहानपण. मशीन जिन्याखाली गेलं आणि त्याच्यावर गोण्या रचल्या गेल्या. तू माझ्या जुन्या साड्या बघून म्हणालीस, "आई, याच्या पिशव्या होतील, मला शिवता येत नाही, तुम्ही शिवाल?" मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला, आणि पहिली शिवण उसवली तरी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आज पापडीच्या बाजारात बायका मला थांबवून विचारतात, "ही पिशवी तुम्हीच शिवली ना?" घरी आणून साड्या देतात. माझ्या हातात काही आहे, हे मी विसरून गेले होते गं. तू विसरू दिलं नाहीस.

आता बावखलाचं. नवीन इमारतीतल्या मुलांना मी सांगते, बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं, त्याच्या शेजारची आमची विहीर उन्हाळ्यात त्याच्या जिवावर जगते. तू आलीस तेव्हा ते तळं राहिलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा कचऱ्याचा खड्डा केला होता. आपल्या घरचा, आल्बिनाचा, पलीकडच्या प्लासिडचा, ज्याच्या हातात काही नकोसं आलं त्याचा. वर शेवाळ आणि थर्माकोल. त्याच वर्षी तो बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला. भराव टाकून बावखल बुजवायचं, मागच्या वाडीवर इमारत. विकी म्हणाला, "आई, डासांचा खड्डा आहे तो. किती दिवस सांभाळणार?" त्याचं अगदी चुकत होतं असंही नाही, डास होतेच. हे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दिवाळीनंतर भरावाचे ट्रक यायचं जवळजवळ ठरलं.

त्या संध्याकाळी तू चहा देताना यांना एवढंच विचारलंस, "बाबा, तुम्ही पोहायला कुठे शिकलात?" हे म्हणाले, "कुठं म्हंजे? ह्यातच. बापानं केळीचा खुंट कमरेला बांधला आनि दिला ढकलून." मग कप हातात धरून बसून राहिले. चहा निवला. सकाळी उठून बघते तर हे लुंगी खोचून कमरेएवढ्या घाणीत उभे, हातात कचरा ओढायचा पंजा, काठावर ओल्या प्लॅस्टिकचा ढीग. तू ऑफिसला जायच्या कपड्यांत धावत आलीस, बघितलंस, आणि आत जाऊन कपडे बदलून आलीस. त्या दिवशी तू रजा टाकलीस. दुपारपर्यंत प्लासिड आला, त्याच्या मागे त्याचा भाऊ स्टॅनी दोर घेऊन. आल्बिनाने सगळ्यांना पेज पाठवली. कितीतरी रविवार ते चाललं. गाळाखाली जुन्या रहाटाचा दगडी कठडा लागला तेव्हा यांनी त्यावर हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

विकी नाही आला. ओट्यावर उभा राहून फोनवर बोलत होता. मी तेव्हाच बघितलं, की तुम्ही दोघं एका घरात राहत होतात, पण तो कधीच बाहेर पडला होता. बिल्डरचा माणूस परत आला तेव्हा हे म्हणाले, "आता नाय जमायचं. पानी हाय त्यात." तो गेल्यावर विकी तुझ्यावर भडकला, "दुसऱ्याच्या घरात येऊन राज्य करते." तू त्याच्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "विकी, तिचंबी घर हाय हे." तो चप्पल घालून निघून गेला.

लोक म्हणतात, तुमचं लग्न बावखलावरून मोडलं. मी जो भेटेल त्याला सांगते, तसं नाही. त्याच्या आयुष्यात आधीच दुसरी कुणीतरी होती, हे मला नंतर कळलं, तुला माझ्या आधी कळलं असणार. तू आमच्यासमोर एकदाही त्याला वाईट म्हटलं नाहीस. निघालीस त्या दिवशी दारात वाकायला लागलीस, मी वाकू दिलं नाही, जवळ घेतलं. तू म्हणालीस, "आई, पिंपात पाला घालत जा हं." मी रिक्षा वळेपर्यंत उभी होते. विकी आता विरारला त्या दुसरीबरोबर राहतो. सणाला येतो, जेवतो, जातो. माझाच मुलगा आहे, मी त्याला वाढते. पण बावखलाकडे तो अजून बघत नाही.

तू गेल्यावरचा उन्हाळा तुला सांगायचाच राहिला. मे महिन्यात कुठेतरी पाण्याची मोठी लाइन फुटली आणि नळ कोरडे पडले. टँकरवाले येत नव्हते, आले तर भांडणं. आपली विहीर मात्र तळाशी गेली नाही. पहिल्या दिवशी समोरच्या इमारतीतली एक बाळंतीण स्वतः कळशी घेऊन आली, तान्हं काखेत. दुसऱ्या दिवशी रांग लागली. हे विहिरीपाशी खुर्ची टाकून बसले, आधी लहान मूल असलेल्या घरांना, मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना. एकाने चिडून विचारलं, "काका, सगळीकडे कोरडं, तुमच्याकडेच कसं काय?" हे म्हणाले, "आमच्या सुनेची किरपा." मी शेजारीच दोर ओढत होते. तू गेलीस त्याला कितीतरी महिने झाले होते. त्यांनी 'होती' म्हटलं नाही, काही नाही. मीही सुधारलं नाही. त्या बाळंतिणीने घरी जाऊन सगळ्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण आता त्या इमारतीतून बावखलात एक कागद पडत नाही. गच्चीचं पावसाचं पाणी जमिनीत सोडायचा पाइपही त्यांनी गेल्या वर्षी बसवला. तुझं नाव त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवते.

हे सगळं मी आजच का लिहायला बसले, ते आता सांगते. काल दुपारी मीरा नावाच्या एक बाई आणि त्यांचे यजमान कृष्णाराव आपल्या घरी आले. वसई रोडला राहतात. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि मग मीराताई म्हणाल्या, "आमचा संकेत रीमाच्या ऑफिसात आहे. लग्न करीन तर तिच्याशीच म्हणतो. आमची ना नाही. पण पहिलं का मोडलं, हे तिच्या माहेरी विचारलं तर ते तिचीच बाजू घेणार. म्हणून तुमच्याकडे आलो. राग मानू नका." रीमा, विकी माझा एकुलता एक मुलगा आहे. पण मी म्हटलं, "माझ्या मुलानं मोडलं. तिनं नाही." मग त्यांनी तुझा स्वभाव विचारला. मी त्यांना यांच्या काविळीचं सांगितलं. हे आळणी जेवायला कुरकुर करायचे तेव्हा तू स्वतःच्या ताटातही तेच वाढून घ्यायचीस, आणि बरे होईपर्यंत घरात मीठ मागितलं नाहीस. मीराताईंनी डोळ्याला पदर लावला. कृष्णारावांनी यांना हळूच विचारलं, "तिनं दुसरं लग्न केलं तर तुम्हाला वाईट नाही वाटणार?" हे म्हणाले, "वाईट कशाचं? पोरीचं लगीन हाय." ते आता तुझ्या आईकडे येतील. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, मी काय बोलले ते माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. दिवाळीच्या फोनवर तुला हेच सांगायचं होतं ना, आणि आम्हाला मनाला लागेल म्हणून तू फोन ठेवून दिलास? आम्हाला काही लागलं नाही. मुलगा भला दिसतोय, फोटो दाखवला त्यांनी. मन घेत असेल तर हो म्हण. आणि आम्हाला लग्नाला बोलवावं की नाही, लोक काय म्हणतील, या विचारात अडकू नकोस. बोलव. आम्ही दोघं येऊ, आणि मुलीकडच्या बाजूला बसू.

खाली काय लिहावं, याचा बराच विचार केला. तू हाक मारतेस तेच लिहिते.

तुझीच,
आई