अंगठा माझा नाही

४ मार्च, मंगळवार

सगळ्यांत आधी कोणी टपकावं? शेजारचा फर्निचरवाला! माझं शटर अजून अर्धंच वर होतं. खाली वाकून आत डोकावला आणि म्हणतो, "आजी, दुकान कधी रिकामं करताय?" मी म्हटलं, कुणाचं दुकान? तर खिशातून कागद काढला. त्या कागदात म्हणे मी माझी लॉन्ड्री त्याला राजीखुशीने देऊन टाकली आहे. खाली माझं नाव आणि शेजारी निळा अंगठा. टप्पोरा!

मी कशाला अंगठा लावीन? मला सही येते! नात पहिलीत होती तेव्हा तिच्याच पाटीवर तिच्याबरोबर गिरवायला बसले. तिच्या आधी मला 'ळ' जमला. (ती हे कबूल करत नाही.)

तो म्हणतो, "मला हा कागद दलालाने आणून दिला. तुम्हीच दिलात ना त्याला?" दलाल कोण, काळा की गोरा, मी पाहिलेला नाही. इस्त्री गरमच होती. त्याने ती पाहिली आणि गेला.

५ मार्च, बुधवार

नात म्हणाली, "आजी, रडायचं नाही, तक्रार करायची." रडतंय कोण? कॉलेज बुडवून आली माझ्याबरोबर पोलिसांत.

साहेब म्हणाले, वय झालं की माणूस लावतो अंगठा आणि विसरतो. मी म्हटलं, साहेब, तुमच्या वर्दीच्या डाव्या खिशाचं बटण मागच्या सोमवारी मी शिवलं. जुन्या बटणाला चार भोकं होती, नव्याला दोनच आहेत. बघा. त्यांनी पाहिलं. मग खुर्ची दिली.

तक्रारीवर पूर्ण नावाने सही केली. वेळ लागला. मागे रांग होती. थांबू दे की!

७ मार्च, शुक्रवार

साहेब आले, बरोबर एक ठसेवाली. एवढीशी पोर, केस कापलेले, पेटी मात्र सुताराएवढी. पेटीत काय काय! भिंग, ब्रश, काळी शाई, रूळ. मी म्हटलं, बाई, तुझा संसार भारी आहे गं. हसली. मला आवडली.

आता माझा शहाणपणा ऐका. पाहुणे आपले हात बघायला येणार, म्हणून मी सकाळीच दोन्ही हात धुण्याच्या सोड्यात भिजवून वजरीने खसाखसा घासले. लख्ख! तिने अंगठ्याला शाई लावली, कागदावर फिरवला. नुसता काळा डाग! भिंग लावलं तरी एक रेघ नाही. "आजी, हे काय करून बसलात?" मी म्हटलं, स्वच्छ केले! साहेबांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

मग तिने हात उलटसुलट केला आणि विचारलं, "किती वर्षं हात सोड्यात आहेत?" चाळीस. म्हणाली, रेघा झिजल्यात. म्हणजे बँकेतलं ते मेलं यंत्र माझा अंगठा का घेत नाही ते आज कळलं! दर वेळी तिथली पोरगी मला "नीट दाबा" म्हणून ओरडते. आता जाऊन सांगते तिला.

मी म्हटलं, माझ्या अंगठ्याला रेघाच नाहीत, कागदावरच्याला आहेत, झालं की सिद्ध! तर म्हणे तेवढ्याने चालत नाही, समोरचा वकील म्हणेल हात नंतर झिजवले. पण आतल्या रेघा जन्मभर त्याच राहतात, हातांना आराम दिला की तशाच वर येतात. दहा दिवस पाणी नाही, सोडा नाही, साबण नाही.

लॉन्ड्रीवालीला सांगते पाण्याला शिवू नको!

८ मार्च, शनिवार

बसून आहे. नात धुते, मी ओरडते. चादरी पिळायची तिची रीत बघवत नाही.

११ मार्च, मंगळवार

मुलगा आला होता, नातीचा बाप. सफरचंदं आणली, सोलूनही दिली. एवढं कधी करत नाही. "आई, कशाला हा ताप? साठी उलटून किती वर्षं झाली? सोडून दे दुकान, आमच्याकडे राहा." मी म्हटलं, राहायला येईन रे, पण माझ्या पायांनी. कुणी कागदावरून उचलून ठेवायचं नाही मला. त्याचे वडील गेले तेव्हा हेच दुकान, हीच इस्त्री. ह्याच्या शाळेची कापडं इथेच धुतली, शाळाही इथूनच झाली.

आणखी एक फोड पुढे केली. मग म्हणाला, "तक्रार मागे नाही घेता येणार?" नाही! का घेऊ?

गेल्यावर बघते तर सफरचंदाच्या साली माझ्या धुतलेल्या टॉवेलवर. असाच आहे तो, लहानपणापासून.

१४ मार्च, शुक्रवार

अंगठ्याला खाज येते. रेघा उगवतायत बहुतेक!

१७ मार्च, सोमवार

जिंकले! जिंकले!

ठसेवालीने आज शाई लावली आणि अंगठा असा फिरवला जसं बाळाला कुशीवर वळवतात. रेघा आल्या! सगळ्या नाही, पण मधल्या आल्या. तिने कागदावरच्या अंगठ्याचा ताटाएवढा मोठा फोटो शेजारी ठेवला. माझ्या अंगठ्यावर शंख, कागदावरच्यावर चक्र. आंधळ्यालाही दिसेल. "आजी, हा अंगठा तुमचा नाही, मी लिहून देते." मी तिचा मुकाच घेतला. तिच्या गालावर माझी शाई लागली.

साहेब म्हणाले, मी तेव्हा चुकलो. मी म्हटलं, चुकलात तर वर्दी पुढच्या वेळी स्वतः घेऊन या, शिपायाला पाठवू नका.

फर्निचरवाल्याचाही ठसा घेतला. घामाघूम झाला होता. पण त्याचा नाही. दलाल सापडलाय, त्याचाही नाही. तो फक्त म्हणतो, कागद घरातल्याच माणसाने आणून दिला. म्हणून साहेब गुरुवारी सकाळी अकराला परत येणार, सगळ्या घरच्यांचे ठसे घ्यायला.

नात टाळ्या वाजवत होती. "आजी, आता सुटत नाही तो!"

१८ मार्च, मंगळवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. त्या मोठ्या फोटोत चक्राच्या मधून एक तिरकी पांढरी रेघ गेली आहे. ठसेवाली म्हणाली, जुनी जखम असेल. मी माझ्या अंगठ्याची शाई पुसत राहिले. सहा वर्षांचा असताना मुलाच्या हातात निळीची बाटली फुटली होती, अंगठा चिरला होता. महिनाभर तो अंगठा मीच बांधला, मीच सोडला.

नातीला अजून सांगितलं नाही. तक्रार मागे घेणार नाही. मुलाला निरोप धाडलाय, तुझ्या आईने बोलावलंय, ये.

गुरुवार, सकाळी अकरा.