फक्कीची रेघ

टेकवाडी, दिंद्रुडजवळ
सोमवार, दि. ५ जानेवारी

ती. प्रविणदादास,
धाकट्या सत्यशीलाचा सप्रेम सलाम. वि. वि.

दादा, रातच्याला माझा डोळा लागला न्हाई. दाराला आतून पाटा लावला अन् रूथला मांडीवर घेऊन बसले. कावून ते सांगते. घाई हाय, पाळकसाहेब जेवून अंबाजोगाईला निघाले की पत्र त्यांच्या थैलीत टाकायचंय. घरातला फोन ऊसतोडीला गेलाय यांच्यासंगं. छबुबाईच्या फोनवर बोलावं तर तिला ऐकू कमी येतं म्हनून आवाज वाढवलेला, समद्या गल्लीला ऐकू जातंय. अन् तूच म्हनलास, सत्ये, फोनवर तू निम्मा वेळ रडतीस, त्यापरीस लिहून धाड. म्हनून लिहायले. सातवी पास बाईचं अक्षर हाय, हसू नको.

पंचवीस तारखेला, रविवारी, गावात मतदान हाय. विजयसिंहाची बायको सरपंचाला उभी हाय. ती बाई कशी हाय ते गावानं नुसतं बॅनरवर पाहिलंय. काल उपासना झाली, साहेबांनी आशीर्वाद दिला अन् ते तुळजाबाईच्या घरी प्रार्थनेला गेले, ती आजारी हाय. ते गेले तसं सुग्रीवकाका म्हनले कोनी उठू नका. मंडळीचे पंच झाल्यापासून काका लई ताठ चालतेत, तुला ठाऊक हाय. दारात विजयसिंहाचा मानूस तानाजी उभा.

तानाजी म्हनला की बाकीच्या गल्ल्यांत भंडारा उचलून शपथा झाल्यात. तुमच्यात भंडारा चालत न्हाई, तर तुमचं शास्त्र काढा, एकेकानं हात ठेवा, की ख्रिस्ती गल्लीची चाळीसच्या चाळीस मतं वहिनीसाहेबाला. बदल्यात कबरस्तानाला पक्की भिंत बांधून देतो.

गडीमानसं समदी उसावर. आमी बायाच होतो, अन् दोन म्हातारे. छबुबाईनं हात ठेवला. मग माझी पाळी आली. मी काय धीराची न्हाई दादा, पाल पडली तरी वरडते. पन हातच उचलंना. मी म्हनले की शपथ घेऊच नका असं येशूनं सांगितलंय, अन् ते याच पुस्तकात हाय ज्याच्यावर तुमी हात ठेवायलेत. सुग्रीवकाका म्हनले बायांनी मंडळीत गप बसावं असंबी त्यातच हाय. मी म्हनले बरं, मग मी गपच बसते, शपथ बोलून घ्यावी लागती. मागनं कोनतरी हसलं. तानाजी न्हाई हसला.

दिवेलागणीला तो घरी आला. ओट्यावर बसला, पानी मागितलं, पेला खाली ठेवला अन् रूथकडं बगून तिचं नाव इचारलं. म्हनला लेकरू लई गोड हाय, जपत जा. मग म्हनला की तुझ्या नवऱ्याच्या, शमुवेलच्या टोळीचा मुकादम माझा साडू हाय, शमुवेलला मतदानाला गाडीत आनायचं का न्हाई ते आमी बगू. बास, येवढंच बोलला. शिवी न्हाई, काय न्हाई. शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

मी काय करू ते लिही. पन हात ठेव म्हनू नको.

वहिनीला सलाम, पोरांला गोड पापा. आईच्या माघारी तूच हायस, माया पातळ करू नको.

तुझी,
सत्यशीला


अंबाजोगाई
शनिवार, दि. १० जानेवारी

चि. सत्यशीला हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पाळकसाहेबांनी गेटवर आणून दिलं. ड्युटीवर होतो, खुर्चीत बसून वाचलं. अक्षर बघून हसलो नाही, मजकूर बघून घाम फुटला.

बाई गं, तू लहानपणी सुद्धा अशीच होतीस. सगळी पोरं मास्तरला घाबरून उभी राहायची अन् तू म्हणायचीस की आधी कावून उभं राहायचं ते सांगा. पण ती शाळा होती. आता पदरात लेकरू हाय.

माझं ऐक. हात पुस्तकावर ठेव अन् बोट मशिनीवर तुला वाटंल तिथं ठेव. आत कोण बघायला येतंय? हात त्यांचा, बोट तुझं. देवालाबी कळतं गरिबाची गत काय असती. अन् भिंत होत असली तर वाईट काय हाय? आईच्या कबरीवर जनावरं तरी फिरणार न्हाईत. सुग्रीवकाका चार बुकं जास्त शिकलेत, त्यांनी इचार केला असंल.

आणखी एक. ती ऊसतोडीची भिवराबाई सरपंचाला उभी राहिलीय असं ऐकलं. तिच्या नादी लागू नको. आमच्या कॉलेजच्या गेटवर मी विजयसिंहाच्या शब्दानं उभा हाय, हे तुला नव्यानं सांगायला नको.

रूथला तेल लावून उन्हात धर. जास्त इचार करू नको, माझ्यावरचा लोभ राहू दे.

तुझा,
प्रविणदादा


टेकवाडी
सोमवार, दि. १२ जानेवारी

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझी युक्ती वाचली. लई हुशार हायस, म्हनूनच गेटवर बसवलंय तुला. पन दादा, हात त्यांचा अन् बोट माझं, असं मला जमायचं न्हाई. दोन्ही एकाच हाताला हायेत. शास्त्रावर हात ठेवून खोटं बोलले तर रूथला उद्या काय शिकवू? अन् खोटं न्हाई बोलले, शपथ पाळली, तर ते त्याहून वाईट. कावून ते खाली वाच, बसून वाच.

शुक्रवारी मी आईकडं गेलते, कबरीभवतीचं गवत उपटायला. तिथं पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली. भिंतीचा पाया तिथनं जानार हाय असं मजुरांनी सांगितलं. मला वाटलं रेघ बांधावर असंल. बांध कुठं राहिलाय? विजयसिंहाचा ऊस तीन वर्सात बांध खाऊन आत आलाय, तुला गेल्या नाताळाला म्हनले होते की सरी आईच्या पायाशी आली. आता रेघ आईच्या उशाकडनं गेलीय. मी पावलांनी मोजलं. आई बाहेर हाय दादा. आई अन् आनखी चार कबरी भिंतीच्या बाहेर, उसात. भिंत आपल्याला न्हाई, त्याच्या उसाला हाय.

सुग्रीवकाकांला जाऊन सांगितलं. त्यांला ठाऊक होतं. म्हनले पाच जुन्या कबरी गेल्या तर गेल्या, बाकीचं तर वाचंल, मेलेली मानसं काय कबरीत बसून राहत न्हाईत, ती प्रभूपाशी हायेत. राज्य करनारांला त्यांचं देऊन टाकावं असंबी शास्त्रात हाय म्हनले. मी म्हनले काका, मत त्यांचं न्हाई, माझं हाय, माझं मी दुसऱ्याचं म्हनून कसं देऊ? अन् आई प्रभूपाशी हाय हे खरं, पन जमीन तर हितंच हाय ना.

काल काय झालं ते ऐक. महिन्याची मूठ जमा करायचा रविवार होता. रोज भाकरी करताना मूठभर ज्वारी देवाच्या नावानं डब्यात टाकतो ती. समद्यांचे डबे सुग्रीवकाकांनी पोत्यात रिकामे केले. माझा तेवढा उंबऱ्यावर ठेवला. म्हनले जिनं मंडळीचा शब्द मोडला तिची मूठ मंडळीत न्हाई. मला वाटलं जमीन फाटावी. रूथ उपाशी असतानाबी ती मूठ मी कधी चुकवली न्हाई.

तवा छबुबाई उठली. शपथेला माझ्या आधी जिनं हात ठेवला होता तीच. तिनं आपला डबा अजून दिला नव्हता. काठी टेकत आली अन् आपली ज्वारी माझ्या डब्यात वतली. हात घालून ढवळली. मग डबा काकांच्या पुढं ठेवला अन् म्हनली, आता हिची येगळी करून दाखव रे सुग्रीव, माझे डोळे गेलेत, तुझे हायेत ना. पाळकसाहेबांनी डबा उचलला, पोत्यात रिकामा केला अन् पुढचं गीत सांगितलं. साहेब बोलले काय न्हाई. ते कधीच बोलत न्हाईत. पन डबा उचलला.

सांजंला भिवराबाई आली. ग्रामसभेत मोजणी करा म्हनून एकटी तीच उठली होती, अन् ती आपल्यातली न्हाई का काय न्हाई, तिच्या कोनाची कबरबी तिथं न्हाई. म्हनली मतदानाच्या खोलीत माझ्याकडनं दिवसभर बसायला मानूस पायजे, सही करता येनारं. बाप्ये भ्यायलेत. मी म्हनले मीबी भ्याले. ती म्हनली मग चांगलं, भ्यालेलं मानूस झोपत न्हाई, नीट बगतं.

मी हो म्हनले.

आता येवढंच कर. पंचवीसला ये. सकाळी सातपासून सांजेपर्यंत मला खोलीत बसायचंय, रूथला धरायला मानूस पायजे. छबुबाईला लेकरू उचलत न्हाई. दुसऱ्या कोनाच्या हातात मी तिला देनार न्हाई, त्या दिवशी तर न्हाईच.

वाट बगते. रागावलास तरी माझाच ऱ्हा.

तुझी,
सत्या


अंबाजोगाई
शनिवार, दि. १७ जानेवारी

चि. सत्यशीला हिस,
आशीर्वाद.

काल सुपरवायझरनं बोलावलं. टेकवाडीत बहीण हाय का म्हणला. हो म्हणलो. म्हणला तिचं तोंड आवर, न्हाईतर गेट सोड. त्याला तुझं नाव पाठ होतं, सत्ये.

मला दोन लेकरं हायेत. मी येणार न्हाई. तूबी नाव माघारी घे. मतदान होईस्तवर मला पत्र पाठवू नको, इथं गेटवर कोण बघतंय कळत न्हाई. पाळकसाहेबांलाबी मी हात जोडून सांगितलंय की तिचं पत्र आणू नका.

सिमेंट ओलं असताना मी खिळ्यानं आईचं नाव लिहिलं होतं अन् तू पाणी शिंपडत होतीस. ते सारखं डोळ्यापुढं येतंय. म्हणून जास्त लिहीत न्हाई. भावाला नाव ठेवलंस तरी चालंल, टाकू नको.

प्रविण


टेकवाडी
रविवार, दि. १८ जानेवारी

अंबाजोगाईच्या मंडळीतल्या, जिच्या हाती ही चिठ्ठी पडंल त्या मावशीस, न्हाईतर बहिणीस,
तुमची वळख न्हाई तरी सलाम.

खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांकडनं ज्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या येत्यात त्या तुमच्या बायांच्या बैठकीत बुधवारी उघडत्यात, असं पाळकसाहेबांनी सांगितलंय. ही त्यातलीच हाय. एका चिठ्ठीत मावलं न्हाई म्हनून चार चिठ्ठ्यांला टाचणी लावलीय. बोटाला टोचून घेऊ नका.

माझ्या भावाला पत्र न्या म्हनून मी आज साहेबांच्या मागं लागले. ते म्हनले भावानं हात जोडलेत, मी नेनार न्हाई. मी इचारलं प्रार्थनेची चिठ्ठी न्याल का? ते म्हनले ती न्यावीच लागती, ती न्हाई नेली तर मी पाळक कशाचा? मग त्यांनीच टाचणी दिली. त्यात काय लिहिलंय ते त्यांनी इचारलं न्हाई.

मी सत्यशीला, नवरा शमुवेल, तो उसावर हाय. सात महिन्यांची लेक हाय. माझ्या आईची कबर हितं हाय अन् गावातला मोठा मानूस भिंत घालून ती आपल्या उसात घेनार हाय. त्याच्या बायकोला मत देतो म्हनून आमच्याकडनं शास्त्रावर हात ठेवून घेतला. मी न्हाई ठेवला. येत्या रविवारी मी दुसऱ्या बाईकडनं मतदानाच्या खोलीत बसनार हाय. तानाजी म्हनून एक मानूस रोज आमच्या दारावरनं जातो अन् लेकराला नावानं हाक मारतो. मला लई भ्या वाटतंय. ते लिहायची लाज न्हाई. पन मी बसनार हाय.

आज एक झालं ते तुमाला सांगते, म्हंजी तुमी निसतं रडतच ऐकायला नको. उपासना सुटल्यावर छबुबाई काकांला म्हनली की माझी शपथ मी परत घेतली. काका म्हनले शपथ परत घेता येत न्हाई. ती म्हनली मग मी ती घेतलीच न्हाई, मला ऐकूच आलं नव्हतं तानाजी काय बोलला ते. तिला खरंच ऐकू कमी येतं. मग तुळजाबाईची सून म्हनली मलाबी नीट ऐकू आलं नव्हतं. मग आनखी दोघी. एका दिवसात आमची गल्ली बहिरी झाली बगा.

आता तुमी प्रार्थना करताल. माझा धीर राहावा म्हनून करताल, विजयसिंहाचं मन बदलावं म्हनूनबी करताल. करा. पन ती मागनं करा. आधी उठा, अन् तुमच्यातल्या जिच्यापाशी फोन हाय तिनं माझ्या भावाला फोन लावा. त्याचं नाव प्रविण, कॉलेजच्या गेटवर ड्युटी करतो, नंबर शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहिलाय, नीट सुवाच्य लिहिलाय. तो भित्रा न्हाई, त्याला दोन लेकरं हायेत. त्याला रागवू नका. मला नाव माघारी घे म्हनलाय, ते मी घेतलेलं न्हाई येवढं सांगा. मी सातला खोलीत जानार. रूथला कोनाच्या हातात द्यायची ते ठरलेलं न्हाई. तो आला तर त्याच्या हातात, न्हाई आला तर पाठीला बांधून बसनार, सायब लोकांनी बाहेर काढलं तर दारात बसनार.

अन् त्याला येवढं सांगा की मी काल आईकडं गेलते. फक्की पायानं पुसून आले. त्यानं खिळ्यानं लिहिलेलं नाव अजून वाचता येतंय.

फोन लागला न्हाई तर परत लावा. तो पहिल्यांदा उचलत न्हाई.

तुमची, न पाहिलेली बहीण,
सत्यशीला