पहिलीचा महर

लिहून ठेवणार कुतुबुद्दीन वल्द गैबी नालबंद, वय अठ्ठेचाळीस, धंदा घोड्यांना नाल मारणे, राहणार रविवार पेठ, करवीर. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हे लिहिण्यास कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारे मी ओळखून आहे. मोहरमच्या आत माझा दुसरा निकाह ठरला आहे आणि पेठेत पुन्हा उंदीर पडू लागले आहेत. काखेत प्लेगची गाठ आली की माणसाला बोलायला सवड मिळत नाही, म्हणून आजच लिहितो.

कलम १. निकाहाच्या खर्चाचे एकशे साठ रुपये मी हुपरीस सराफ जोतीराम पोतदार यांजकडे ठेवले होते. घरात ठेवले नाहीत, कारण घरात माझा धाकटा भाऊ अमीन आहे. खर्चाची यादी त्याने केली : जेवायला शंभर माणसे, तांदूळ तीन मण, चांदीचे पैंजण. मी प्रत्येक दुकानी स्वतः गेलो. तांदळाचा भाव मणामागे बारा आणे चढवलेला निघाला. विचारले तर म्हणतो, "भाई, लगीन हाय, घोड्याचा सौदा न्हवं. इतकं बघून चालतंय व्हय?" मी माणसे चाळीसवर आणली. पैंजण माझ्यासमोर दोनदा तोलून घेतले.

कलम २. नवरी रोशनबी, पन्हाळ्याची, विधवा. तिच्याकडून कसलीच मागणी आली नाही, तेव्हा माझा संशय वाढला. नाल मारण्याच्या निमित्ताने पन्हाळा गाठला. ती दाराआडून बोलली.

"पावणं, मलाबी तुमचा संशय हाय. पहिलीचा महर दिलासा का?"

"तिनं मरताना माफ केला."

"तुमी सवता ऐकलासा?"

मी नालांची पिशवी खांद्याला लावली.

"मग ते आदी मिटवून या. न्हायतर माजाबी असाच माफ हुईल."

कलम ३. पहिली बायको चाँदबी. तिच्या हक्काचे एक्कावन्न रुपये महर म्हणून मी निकाहात चारचौघांदेखत कबूल केले होते. बावीस वर्षांत तिने मागितले नाहीत, मी दिले नाहीत. सहा वर्षांमागे ती तापाने अंथरुणाला खिळली. अमीनने उशाशी वाकून विचारले, "भाभी, महर माफ?" आणि बाहेर येऊन सांगितले, तिने मान हलवली. मी उंबऱ्यात उभा होतो. तांदळाचा भाव दुकानोदुकानी तपासणारा मी. ती मान खरोखर हलली का, हे आत जाऊन पाहिले नाही. अमीन खोटे बोलला की त्याला तसे दिसले, हे आजवर विचारलेले नाही. फायदा माझा होता.

कलम ४. पन्हाळ्याहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी बावड्यास चाँदबीच्या आईकडे, अमीरबीकडे गेलो. तापाच्या वेळी ती लेकीजवळ होती. म्हणाली, "जावईबापू, मी तिच्या उशालाच बसल्याली की. मान कसली हलवतीया? उचकी लागल्याली तिला. तुमास्नी आत बोलवा म्हनत हुती."

काझीसाहेबांचे म्हणणे, मूल नसल्याने त्या रकमेतला अर्धा हिस्सा वारसाने माझाच. तरी मी हुपरीहून पैसे उचलून पुरते एक्कावन्न अमीरबीच्या पदरात घातले. तिने प्रत्येक रुपया दगडावर वाजवून पाहिला. मला राग आला नाही.

कलम ५. सबब निकाहाचे जेवण रद्द. आलेल्यांस खजूर व सरबत द्यावे. अमीन म्हणतो, लोक तोंडात शेण घालतील. घालोत. रोशनबीचा महर एक्कावन्न रुपये बैठक उठण्यापूर्वी तिच्या हातात पडावा, तिच्या माणसांच्या नव्हे.

कलम ६. निकाहाआधी माझे बरेवाईट झाल्यास शरीयतीप्रमाणे परक्यास देता येतो तो तिसरा हिस्सा रोशनबीस द्यावा. त्यात घराची रस्त्याकडची खोली व माझी हत्यारे धरावीत. खोलीची कडी आतून पक्की बसते, मी लावून पाहिली आहे. बाकीचे अमीनला जाईल; ते अडवणे माझ्या हाती नाही.

हा मजकूर लिहिणाऱ्या कारकुनाने एकदा आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा वाचून दाखवला. दोन्ही वेळा तोच निघाला, म्हणून सही करतो.

मुक्काम करवीर, तारीख ११ फेब्रुवारी १९०६.

सही : कुतुबुद्दीन वल्द गैबी नालबंद

साक्ष : जोतीराम पोतदार, हुपरी. दस्तुर खुद्द.

साक्ष : अमीरबी, राहणार बावडा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. बाईंनी अंगठा उठवण्याआधी पुढील ओळ घालण्याचा आग्रह धरला, ती त्यांच्याच शब्दांत : "म्हर पोचला. माफीचं मी काय बोल्लेली न्हाय."