काळी चार दुरुस्त करू नये

मी, विश्राम जगन परब, वय अठ्ठावन्न, पूर्वी शहाडच्या एका कारखान्यात फिटर आणि आजतागायत गोंगाटाचे संगीत वाजवणारा, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डाव्या कानाने मला कमी ऐकू येते, पण लिहायला कान लागत नाही. पुढच्या आठवड्यात ठाण्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजी हृदयाची नाही, बाबांच्या बाजाच्या पेटीची आहे, म्हणून हे आजच लिहून ठेवतो.

१. राहता ब्लॉक आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी पत्नी सौ. शीला हिचे. यात कोणी नाक खुपसू नये. भिंतीच्या एका बाजूला मी ॲम्प्लिफायर किंचाळायला लावला आणि दुसऱ्या बाजूला तिने शाळेच्या वह्या तपासल्या. आमच्या दुसऱ्या आल्बममध्ये तिच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत. वादकांमध्ये तिचे नाव आहे, ते तसेच राहावे. तिच्याशिवाय मला हे काहीच जमले नसते.

२. गिटारी, ॲम्प्लिफायर आणि फिटरच्या अवजारांची पेटी आमच्या ‘खरखर’ बँडचा बेस वाजवणारा बंटी याला. लाल गिटारीला सहावी तार नाही. ती हरवलेली नाही, मी काढली आहे. कोणी बसवायला जाऊ नये.

३. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. पंढरी सावंत यांना माझे इयरप्लग द्यावेत. माझ्या सरावाबद्दल ते मला नेमाने नोटीस पाठवतात, आणि गणपतीत त्यांनीच लावलेल्या डीजेने माझ्या खिडकीची काच तडकली. इयरप्लग कोरे आहेत. मला कधी लागले नाहीत, त्यांना लागतील.

४. मुलाखतीला येणारी मुले विचारतात, तुमच्यावर प्रभाव कोणाचा? त्यांना परदेशी बँडची नावे हवी असतात. त्या कॅसेटी मी ऐकल्या, आवडल्याही, पण त्या हाती आल्या तोवर माझे कान घडून गेले होते. कारखान्यातला कॉम्प्रेसर बिघडण्याआधी दोन स्वरांत भांडायचा, तो माझा एक गुरू. दुसरे गुरू माझे वडील, जगनबुवा परब. ते भजन गात. डबलबारीत समोरासमोर दोन बुवा बसत, एकमेकांना गाण्यातून चिमटे काढत, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नसत.

कल्याणच्या एका बारीत बाबांच्या पेटीची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, अडकली. बोट उचलले तरी भाता चालू असेतो ती वाजतच राहिली. समोरच्या बुवाने त्यावरच गजर रचला, मांडव हसला. माझा मोठा भाऊ सुशांत टाळ वाजवत होता. तो टाळ खाली ठेवून निघून गेला. बाबा थांबले नाहीत. त्या अडकलेल्या स्वराच्या अंगाखांद्यावरून त्यांनी अख्खा अभंग म्हटला. मी लहान होतो, मांडीला मांडी लावून पुढेच बसलो होतो. इतके भयंकर आणि इतके सुंदर मी त्यानंतर काही ऐकलेले नाही. बाबा मात्र पुन्हा बारीला बसले नाहीत.

५. माझ्या नव्या कामाचे नावच ‘काळी चार’ आहे. पेटी सुरू होते, तो स्वर लागतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. बाकी सगळे त्याच्याशी झुंजते. दोन भाग झाले, तिसरा राहिला आहे. दुसऱ्या पेटीवर तो होणार नाही, मी करून पाहिले. हा स्वर थोडा चिरका आहे, त्याच्या पोटात घरघर आहे. कॉम्प्युटरवर तो साफ करून देतो म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवले आहे.

६. दादाला ही पेटी त्याच्या भजन मंडळासाठी हवी आहे. नीट करून घेऊ, बाबांचे नाव पुन्हा नीट लागू दे, असे तो मला किती वर्षे सांगतो आहे. त्याचा हेतू चांगला आहे आणि मला तो मान्य नाही. पेटी आमची ड्रमर ऐश्वर्या म्हात्रे, राहणार कळवा, हिला द्यावी. मी नसलो तर तिसरा भाग तिने पुरा करावा आणि माझ्या तेराव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळा वाजवावा, पूर्ण आवाजात. काळी चार कोणीही, कधीही दुरुस्त करू नये. ~~ऐश्वर्याने नाकारल्यास पेटी दादाकडे जावी.~~

७. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई पाटील साक्षीदार म्हणून सही करतील. माझे संगीत त्यांच्या छतातून जितके उतरले तितके कोणाच्या कानात गेले नसेल. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुजा आवाज नसला तं मना दुपारची झोप नाय लागत.”

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी होती. हे सर्व आज मी दादाला वाचून दाखवले, कारण माझ्या मागे त्याला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. ऐकून झाल्यावर त्याने पेटी काढायला सांगितली. मी भाता मारला आणि काळी चार लागली. दादाने डोळे मिटले आणि त्या स्वरावर बाबांचा अभंग गुणगुणला, तोच, कल्याणचा. मधे थांबून म्हणाला, “बाबा थांबले नव्हते रे. मीच उठून गेलेलो.” आणि पुढचे कडवे म्हणून अभंग पुरा केला.

त्याने सही करायला पेन मागितले. मसुदा तपासायला आलेल्या वकील उर्वी गुप्ते यांनी त्याला समजावले की साक्षीदाराने मृत्युपत्रातले काही घेऊ नये. सही केलीत तर पेटीची आशा सोडावी लागेल.

“म्हणूनच मागतोय,” दादा म्हणाला.

कलम ६ मधले शेवटचे वाक्य मी त्याच्यासमोर खोडले आहे. तेराव्याची वाट न पाहता, मी घरी परतलो की तिसऱ्या भागात तो टाळ धरणार आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्याखाली दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

विश्राम जगन परब (सही)

साक्षीदार १ : विमलाबाई पाटील (सही)
साक्षीदार २ : सुशांत जगन परब (सही)

स्थळ : कोपर, डोंबिवली पश्चिम
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५